पुलाखाली ओढा मिळणेबाबत

बोरजाई नावाच्या गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. ग्रामपंचायतीचं कुलूप काढायचं, झाडलोट करायची, दवंडी द्यायची, ही त्याची कामं. भोळा म्हणजे किती? एकदा भाऊसाहेब त्याला म्हणाले, "मी येईपर्यंत इथून हलू नकोस." भाऊसाहेब म्हणजे गावचे ग्रामसेवक. ते तालुक्याला गेले. मागून एक शेळी आत आली, तिनं ग्रामसभेची वही ओढली आणि केरबाच्या पुढ्यात बसून सगळी खाल्ली. केरबा हलला नाही. सांगितलं होतं ना.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा होता. ओढ्यापलीकडे एकच घर, हौसाक्काचं. ही केरबाची आत्या. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, आणि लग्नानंतर तो बायकोसह गावात राहायला गेला तरी त्याचा जीव तिच्यातच होता. हौसाक्काच्या दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली डोक्यावर घेऊन ती ओढा ओलांडायची आणि गावातल्या डेअरीत दूध घालायची. ओढ्यावर एक जुना साकव होता, तो दोन वर्षांपूर्वी वाहून गेला. गेल्या आषाढात हौसाक्का पाण्यात घसरली. किटली गेली. करंजाची मुळी हाताला लागली म्हणून म्हातारी वाचली.

"यंदा मिरगाच्या आत पूल झाला न्हाई तर माझं काय खरं न्हाई बघ," ती केरबाला म्हणाली.

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ती, रडू नगंस. पूल मी आणतो."

ती रडत नव्हती. तोच रडत होता.

पुलाचा अर्ज भाऊसाहेबांनी लिहून दिला. सोबत जागेचा फोटो हवा होता. केरबानं पंचायतीचा मोबाईल घेतला आणि ओढ्याचा झकास फोटो काढला. पाणी, दगड, पलीकडे म्हैस. तालुक्याहून अर्ज परत आला. वर शेरा होता : 'सदर ओढा नेमका कुठला, याचा बोध होत नाही.'

भाऊसाहेबांनी त्याला समोर बसवलं. "अरे, हल्ली नुसता फोटो चालत नाही. मोबाईलमध्ये लोकेशन सुरू करायचं. मग फोटोखाली जागेचे आकडे उमटतात. आणि लांबून काढायचा नाही. जिथलं काम, तिथं उभं राहायचं आणि मग काढायचा. राहील ध्यानात?"

"ऱ्हाईल की, भाऊसाहेब."

आणि राहिलं. तिथंच तर घोटाळा झाला.

"पण ओढ्याचं नंतर बघू," भाऊसाहेब म्हणाले. "आधी शिरपाअण्णाच्या नव्या संडासाचा फोटो आण. त्याची मुदत आज संपतेय."

केरबा वाटेनं घोकत गेला. जिथलं काम, तिथं उभं राहायचं. जिथलं काम, तिथं उभं राहायचं. शिरपाअण्णाचा नवा संडास परसात होता. अजून नारळसुद्धा फुटला नव्हता. केरबा आत शिरला, बरोबर भांड्यावर उभा राहिला आणि फोटो काढला. खाली आकडे अगदी ठसठशीत आले. वर केरबाचे दोन पाय.

"हे काय आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"संडास हाय."

"कुठं आहे संडास?"

"माझ्या पायाखाली. तुमीच म्हणला न्हवं?"

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, लाभार्थी दिसला पाहिजे त्यात! आणि एक फोटो नाही, तीन लागतात. कामाच्या आधीचा, काम चालू असतानाचा आणि काम झाल्यानंतरचा. तीन! राहील ध्यानात?"

"ऱ्हाईल की."

संडासाचं भाऊसाहेबांनीच निस्तरलं. केरबाला त्यांनी दुसरं सोपं काम दिलं. बळवंततात्यांचं वय शहाऐंशी. ते हयात आहेत याचा फोटो तालुक्याला पाठवायचा होता. तात्या गावात रोज दोन फेऱ्या मारायचे, पारावर बसून सगळ्यांना शिव्या द्यायचे, पण ते हयात असल्याचं तालुक्याला माहीत नव्हतं.

तात्या पडवीत खाटेवर बसून तंबाखू मळत होते. केरबानं एक फोटो काढला. मग तो उंबऱ्यावर बसला.

"झालं न्हवं तुजं?" तात्यांनी विचारलं.

"एक झाला. आधीचा."

"कशाच्या आधीचा?"

"कामाच्या. अजून दोन ऱ्हायल्यात. चालू असतानाचा आन् झाल्यानंतरचा. तुमचं चालू द्या, तात्या. मला काय घाई न्हाई."

तात्यांच्या हातातली तंबाखू हातातच राहिली.

सुनेनं चहा आणला. म्हणाली, "केरबा भावजी, कशाला थांबलाय?"

"तात्यांचं व्हईस्तवर थांबायचं हाय. साहेबांचा हुकूम हाय."

सुनेनं शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं फोन लावले. दुपारच्या एसटीनं तात्यांच्या दोन्ही लेकी स्टँडपासूनच गळा काढत घरी आल्या. धाकटी तर तात्यांच्या गळ्यात पडून "तात्या गेलं वं" म्हणून रडू लागली. तात्यांनी तिला बाजूला केलं, काठी घेतली आणि केरबाला गावभर पळवलं. पळत पळत दोघं पंचायतीसमोरून गेले, तेव्हा भाऊसाहेब खिडकीत उभे होते.

"मूर्खा," केरबाला धाप लागली होती तरी भाऊसाहेबांनी त्याला झापला, "हयातीला एकच फोटो लागतो! माणूस हलताना दिसला की झालं. जिवंत आहे, एवढं कळलं पाहिजे!"

"हलताना," केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

चार दिवसांनी झाडांचं काम आलं. गावाबाहेर म्हसोबाचं टेक आहे. उघडंबोडकं. तिथं पावसाळ्यात शंभर रोपं लावली होती. ती जिवंत आहेत का, याचा फोटो हवा होता. केरबा टेकावर गेला. रोपं हिरवीगार होती. पण वारा पडलेला. एकही पान हलत नव्हतं.

हे जिवंत असल्याचं कळणार कसं? केरबानं मोबाईल एका हातात धरला, दुसऱ्या हातानं पहिलं रोप बुडख्याशी धरलं आणि गदागदा हलवलं. फोटो. दुसरं रोप. फोटो. त्यानं मन लावून काम केलं. शंभरावं रोप हलवून होईपर्यंत मागची साठ आडवी झाली होती.

भाऊसाहेबांनी फोटो बघितले. सगळीकडे नुसता हिरवा फराटा. ते खुर्चीत बसूनच राहिले. आता नोकरी जाते, असं त्यांना वाटलं. पण तालुक्याहून उत्तर आलं : 'सर्व झाडे जिवंत. बोरजाई ग्रामपंचायतीचे अभिनंदन.'

भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मग ते हळूच म्हणाले, "केरबा, साहेब वरचा फोटो बघतच नाहीत रे. खालचे आकडे तेवढे बघतात."

"व्हय?"

"म्हसोबाच्या टेकावर रेंज चांगली आहे. म्हणून आकडे स्वच्छ आले. आकडे स्वच्छ आले की काम पास."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊसाहेब केरबाशी माणसाशी बोलावं तसं बोलले होते. केरबानं ते काळजात जपून ठेवलं.

आणि मग पुलाच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. भाऊसाहेब तालुक्याला मिटिंगला गेलेले. केरबा मोबाईल घेऊन ओढ्यात उतरला. पाण्याच्या मधोमध उभा राहिला. हौसाक्काला शेजारी उभं केलं, किटलीसकट. पण ओढा पडला खोलगट भागात. मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरत होतं. आकडे येईनात. अर्धा तास झाला. हौसाक्काचे पाय गारठले.

केरबा धावत वर गावात गेला आणि फोन लावला. "भाऊसाहेब, वढ्यात रेंज न्हाई."

मिटिंग ऐन रंगात होती. भाऊसाहेब तोंडावर हात धरून कुजबुजले, "मग रेंज आहे तिथं जा बाबा! आज अर्ज गेला नाही तर पूल गेला." आणि फोन ठेवला.

केरबा ओढ्यावर परत आला. "आत्ती, कळशी हाय का घरात?"

"हाय. का रं?"

"वढा टेकावर न्यायचा हाय."

हौसाक्कानं त्याच्याकडे बघितलं. लहानपणापासून बघत आली होती. पण पूल तिला हवा होता, आणि साहेब लोकांचं काही सांगता येत नाही. तिनं कळशी आणली, घासली, ओढ्याचं पाणी भरलं आणि स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर ठेवली. दोघं टेक चढले. केरबानं म्हसोबासमोर पाणी ओतलं. त्या ओलीत हौसाक्का उभी राहिली, लुगडं घोट्याच्या वर धरून, डोक्यावर किटली. फोटो निघाला. आकडे असे आले की लांबून वाचावेत.

आठ दिवसांत पूल मंजूर झाला. सबंध तालुक्यात एवढे स्वच्छ आकडे दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

ठेकेदार मोबाईलमध्ये बघत बघत आला तो थेट टेकावर. मागून सिमेंट, खडी, सळ्या. हौसाक्का धापा टाकत वर गेली.

"अवं सायेब, वढा खाली हाय!"

ठेकेदारानं तिला मोबाईल दाखवला. "आजी, हा बघा ठिपका. काम इथंच आहे."

"पर हितं पाणी कुटं हाय?"

"पाणी आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त पूल."

भाऊसाहेबांनी तालुक्याला हातापाया पडून सांगितलं. इंजिनियर साहेब म्हणाले, फोटो तुमचाच, आकडे तुमचेच, लाभार्थीही तुमचीच. आता बदल करायचा तर पूल रद्द होईल आणि तुमचीही चौकशी होईल. चौकशी म्हटल्यावर भाऊसाहेब आल्या पावली परत फिरले. दोन महिन्यांत पूल उभा राहिला. दोन्ही बाजूंना कठडे, वर पिवळा रंग. अलीकडे म्हसोबा, पलीकडे कुणीच नाही. खालून एक सरडा जायचा, तेवढीच रहदारी.

भाऊसाहेबांनी जीव मुठीत धरून एक पत्र पाठवलं, की पुलाखाली ओढा नाही. तालुक्याहून उत्तर आलं : 'पूल मंजूर जागेवरच आहे. ओढा मंजूर जागेवर आढळत नाही. तरी ओढ्याबाबत खुलासा करावा.'

ते पत्र वाचून भाऊसाहेबांचा तोल गेला. "केरबा! मोबाईल घेऊन त्या टेकावर परत पाय ठेवलास तर याद राख! आणि आजपासून मला काहीएक विचारायचं नाही! तुझं तू बघ!"

"बरं," केरबा म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी हौसाक्का दूध घालून परत निघाली, तेव्हा केरबा ओढ्याच्या काठावर मान खाली घालून बसला होता. मिरीग आठ दिवसांवर आला होता. आभाळ भरत होतं. ती त्याच्यावर रागावली नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"पूल चांगला झालाय रं," ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हणाली. "वढा तेवढा ऱ्हायला बघ." आणि पदर खोचून पाण्यात उतरली.

केरबाला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. आत्तीनं काय मागितलं होतं? पूल मागितला, तो आला. आता ओढा राहिला, असं ती स्वतः म्हणाली. मग ओढा आणायला काय हरकत होती? भाऊसाहेबांना विचारायचं नव्हतं. त्यानं सकाळी उठून स्वतःच अर्ज लिहिला. विषय : पुलाखाली ओढा मिळणेबाबत.

फोटो हवा होता. केरबानं आजवर शिकलेलं सगळं एकदा आठवलं. रेंज असेल तिथं काढायचा. टेकावर पाय ठेवायचा नाही. मग रेंज आणखी कुठं येते? त्याच्या स्वतःच्या अंगणात येते, तुळशीपाशी. त्यानं ओढ्याची कळशी आणली, अंगणात ओतली. बायकोला मधे उभी केली. ती नको नको म्हणत होती, पण लाभार्थी दिसला पाहिजे. आकडे आले. स्वच्छ. तालुक्याच्या टपालाच्या नेहमीच्या गठ्ठ्यात घालून त्यानं अर्ज पाठवून दिला.

ओढ्याबाबतचा खुलासा तालुक्याला अजून मिळालाच नव्हता. हा अर्ज आला आणि साहेबांचा जीव भांड्यात पडला. 'ओढा आढळला' असा शेरा मारून त्यांनी रुंदीकरण आणि खोलीकरण दोन्ही तातडीनं मंजूर केलं. पावसाआधी काम पूर्ण करायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरबाच्या दारात जेसीबी येऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं मोबाईल बघितला, तुळस बघितली, मागचं घर बघितलं. चुलीपुढून केरबाची बायको तवा हातात घेऊनच बाहेर आली. हौसाक्काही डेअरीतून रिकामी किटली घेऊन परत निघाली होती, ती जागीच थांबली.

"घर कुणाचं हे?" ड्रायव्हरनं विचारलं. "मधे येतंय."

केरबाचा चेहरा उजळला. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

"आत्ती!" तो ओरडला. "वढा आला बघ तुजा!"

ड्रायव्हरनं दांडा ओढला. जेसीबीचं तोंड घराच्या छपरावर आलं. बायकोनं किंकाळी फोडली.

"थांबा, थांबा!" केरबा दोन्ही हात वर करून आडवा आला.

ड्रायव्हर थांबला. बायकोला वाटलं, अखेर आली बाई अक्कल.

केरबानं खिशातून मोबाईल काढला, लोकेशन सुरू केलं आणि बायकोला म्हणाला, "दारात हुबी ऱ्हा आन् जरा हाल. कामाच्या आधीचा फोटो घ्यायचा ऱ्हायलाय."