अर्ध्या पेराची कड

“आज तरी येणार ना, मामा?”

केरूमामांनी बशीतला चहा संपवला आणि बशी उपडी घातली.

“कशाला?”

“उगवतीकडचा दगड. मी चढलो, मंगळवारी.”

“एकलाच?”

“एकटाच.”

मामा शार्दूलच्या बोटांकडे बघत राहिले...

गावामागच्या माळावर घराएवढाले दगड पडले आहेत. तिथे ना दोर, ना खुंट्या. खाली जाड गादी टाकायची आणि नुसत्या हातापायांनी दगड चढायचा. शहरातली शिकलीसवरली मंडळी हा उद्योग करायला सुट्टीच्या दिवशी येतात, आणि शिकतात ती केरूमामांकडे. मामांची रीत साधी होती. जो पहिला चढेल त्याने दगडाला नाव द्यायचं, पण चढायचं मामांच्या डोळ्यांदेखत. उतरल्यावर दगड ब्रशने झाडायचा. हाताला लावलेल्या चॉकचा एक डागसुद्धा मागे ठेवायचा नाही.

उगवतीकडच्या दगडाला अजून नाव नव्हतं. मामांनी बावीस वर्षं त्याच्याशी झटापट केली होती आणि शेवटी उजवा गुडघा तिथेच घालवला होता.

पुढचे तीन हिवाळे त्या दगडाने शार्दूलचे खाल्ले. नोकरी सुटली, ठरलेलं लग्न मोडलं, बोटांची सालपटं निघाली. शेवटच्या ठिकाणी पाय मोकळे सोडून, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या कडेवर सगळं अंग तोलायचं होतं. बोटं कधीच तयार झाली होती. दगा द्यायचं ते डोकं. तिथे पोचलं की नको तेव्हा जमीन आठवायची आणि हात आपसूक सुटायचा.

“दगडानं न्हाई टाकलं तुला,” मामा दर वेळी म्हणायचे. “तूच हात सोडलास.”

हे ऐकलं की शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण ते खरं होतं.

मग गेल्या आठवड्यात कळलं की नाशिकची एक मुलगी येत्या रविवारी येणार आहे. भले भले दगड दोन दिवसांत चढते म्हणे. शार्दूलची झोप उडाली. तीन वर्षं ज्याच्यावर ओवाळून टाकली, त्या दगडाला कुणी परकीच नाव देऊन जाणार.

मंगळवारी दिवस उजाडताना तो गाडीवर शिडी बांधून आला. पिशवीत छिन्नी होती. बारा घाव घातले आणि अर्ध्या पेराची कड पेरभर केली. आतला निळसर, कोरा दगड उघडा पडला, त्यावर त्याने ओली माती आणि शेवाळ चोळलं. शिडी बाजूला केली आणि पहिल्याच झटक्यात चढला. माथ्यावर उभं राहून त्याने हसायचा प्रयत्न केला. आनंद काही झाला नाही.

छिन्नी अजून पिशवीतच होती. घरी ठेवायची लाज वाटली, फेकून द्यायचा धीर झाला नाही.

“चल,” मामा म्हणाले.

उठताना त्यांनी दाराआडची काठी घेतली. काठीच्या टोकाला ब्रश बांधलेला होता. नव्या चढाईनंतर पहिला ब्रश मामा स्वतः मारायचे. शार्दूलला ते आत्ता आठवलं.

दोघे माळाकडे निघाले. मामा लंगडत पुढे, तो मागे.

गादी टाकली. शार्दूल चढला. पाय सोडले, बोटं कडेवर बसली, डोकं गप्प राहिलं. घाबरण्यासारखं आता तिथे काही उरलंच नव्हतं. माथ्यावर जाऊन तो गादीवर उडी टाकून खाली आला.

मामांनी शाबासकी दिली नाही.

“नाव काय ठिवणार?”

“तुमचंच ठेवीन म्हणतो, मामा.”

“हं...”

मामांनी काठी उचलली. खालच्या पकडी झाडल्या, मधल्या झाडल्या. मग ब्रश वरच्या कडेवर गेला.

“ती राहू दे, मामा. मी झाडतो.”

ब्रश फिरत राहिला. सुकलेली माती आणि शेवाळ मामांच्या तोंडावर, पांढऱ्या मिशांवर पडलं. वर निळसर डाग उघडा झाला, पावलीएवढा.

मामांनी तोंड पुसलं नाही...

“रविवारी ती नाशिकची येणार आहे,” शार्दूल म्हणाला. “तीन वर्षं दिलीत मी ह्या दगडाला. तुम्हाला तरी कळायला हवं.”

मामा वर बघत होते.

“मामा, काहीतरी बोला.”

“छिन्नी कुठाय?”

“...पिशवीत.”

“काढ.”

शार्दूलने काढली आणि पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. गुडघ्यावर हात दाबून ते सावकाश गादीवर बसले, पाय लांब केला आणि काठीने दगडाच्या पायथ्याला टोचलं. मग हातभर वर, मग आणखी हातभर वर.

“आता थांबू नगंस,” ते म्हणाले. “हितनं सुरू कर, पार वरपातूर पायऱ्या काढ. मला बी बावीस वर्सांपास्नं वर जायचं हाय.”