पाच वेळा शिवलेली शिवण

ज्या काळी गलबतं निव्वळ वाऱ्याच्या भरवशावर चालत आणि दूरच्या गावची खबर दवंडीवाल्याच्या तोंडून कळे, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकून ऐकावी, मोठ्यांनी हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवून.

समुद्रकाठच्या एका गावात नातालीन नावाची बाई होती. शिडं शिवणारे कारागीर बस्त्यावकाका यांच्या हाताखाली ती वीस वर्षं फाटक्या शिडांना ठिगळं लावत होती. तिचं ठिगळ वादळातही सुटत नसे. पण नवं शीड तिनं कधी शिवलं नव्हतं.

काका म्हणत, "एकदा नवं शीड शिवायला बस तरी!"

ती म्हणे, "नको बाई. चुकलं तर?"

एका सकाळी दवंडी आली. समुद्रापलीकडच्या बेटावर दुष्काळ पडला होता, माणसं उपाशी होती. राजानं धान्याची पोती धाडली होती, नवंकोरं गलबत दिलं होतं. आणखी दहा दिवसांनी वारा बेटाच्या दिशेनं वाहू लागणार होता. शीड तेवढं शिवायचं होतं, आणि नेमके त्याच सकाळी माळ्यावरून कापड काढताना काका पडले. उजवा हात मोडला.

गलबताचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, धावत आला. "काका, आता शीड कोण शिवणार?"

काकांनी डाव्या हाताचं बोट रोखलं. "ही काय! नातालीन आहे ना."

नातालीननं कापडाची गुंडाळी उचलली. भीती होतीच, पण तिच्याखाली कुठंतरी आनंदही उसळत होता. एवढं मोठं काम, आणि तिच्या हाती!

तिनं कापडाच्या दोन लांब पट्ट्या जोडायला घेतल्या. दिवसभर टाके घातले. दिवस मावळताना मागं सरून पाहिलं, तर शिवण एका जागी किंचित वाकडी. तिनं ती सगळी उसवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही तेच. जेवणावरची वासना उडाली. झोप डोळ्याला शिवेना. बोटं सुजली. पाचव्या दिवशी, शनिवारी, काका गळ्यात हात बांधून आले तेव्हा ती पुन्हा उसवायला बसली होती.

"का उसवतेस गं?"

"वाकडी आलीय, काका."

"म्हणून काय शीड फुगायचं नाही?"

"फुगेल. पण दिसेल ना! सगळं गाव बघायला येणार. आणि देव काय म्हणेल? मी रोज प्रार्थना करते, माझ्या हातून एकही चूक होऊ देऊ नकोस म्हणून."

काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

"पोरी, प्रभूनं आपल्यासाठी क्रुसावर जीव दिला, तो काय आपली शिवण सरळ आहे म्हणून? तुझ्या हाती पहिली सुई येण्याआधीच त्यानं तुला आपलं म्हटलंय. जी माया मिळालेलीच आहे, ती तू टाक्याटाक्यानं कमवायला निघालीस. मग बोटं सुजणार नाहीत तर काय! त्याला भुकेल्यांसाठी शीड हवंय. तेवढं दे."

नातालीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. हातातली कात्री तिनं खाली ठेवली.

"आणि उद्या रविवार," काका म्हणाले. "सुईला हात लावायचा नाही."

"अहो काका, पाचच दिवस उरलेत!"

"म्हणून तर सांगतोय."

रविवारी ती देवळात गेली. त्या दिवशी तिनं देवाकडं काही मागितलं नाही. नुसती त्याच्यापुढं बसून राहिली. घरी येऊन पोटभर माशाचं कालवण आणि भात जेवली, आणि दुपारी जी झोपली ती दिवे लागायच्या वेळेला उठली.

सोमवारी सकाळी तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. विहिरीवर जाऊन बायकांना म्हणाली, "मला एकटीला हे जमायचं नाही. येता का गं मदतीला?"

एक म्हणता बारा जणी आल्या! कुणी पट्ट्या ताणून धरल्या, कुणी दोऱ्याला मेण लावलं, कुणी टाके घातले. कुणाचे टाके लांब, कुणाचे आखूड. गाणी झाली, थट्टा झाली, आणि गुरुवारी सूर्य कलायच्या आत शीड तयार झालं.

ठरल्या दिवशी वारा फिरला. शीड वर चढलं, एकदा फडफडलं आणि टम्म फुगलं! बंदरावर एकच जल्लोष झाला. नव्या शिडाच्या पहिल्या फेरीला शिवणारानं सोबत जायचं अशी तिथली रीत होती. त्यामुळं नातालीनही गलबतावर होती.

अर्ध्या वाटेवर आभाळ काळवंडलं. वारा घोंगावू लागला. आणि टर्रर्र! एक शिवण उकलली.

"शीड उतरवा!" तांडेल ओरडला. त्यानं वाकून पाहिलं. "बाय, इथं कापडाची चाळण झालीय!"

नातालीननं ओळखलं. बारा जणींच्या वेड्यावाकड्या शिवणी जशाच्या तशा होत्या. उसवली होती ती तिची एकटीची, पाच वेळा शिवलेली शिवण. पुन्हा पुन्हा सुई टोचून तिनंच ते कापड पोखरलं होतं.

"सुई द्या!" ती म्हणाली.

गलबत हेलकावत होतं, तोंडावर खारं पाणी उडत होतं. दोन खलाशांनी तिला कमरेला धरलं. तिनं भराभरा एक रुंद ठिगळ लावलं. टाका कसा दिसतोय हे बघायला कुणाला सवड नव्हती, तिलाही नव्हती. शीड पुन्हा वर गेलं, पुन्हा भरलं, आणि नातालीन डोलकाठीला मिठी मारून लहान पोरीसारखी हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेट दिसलं. माणसं पाण्यात कमरेपर्यंत धावत आली. संध्याकाळी तिथल्या प्रत्येक चुलीवर भात शिजत होता.

ती गावी परतल्यावर महिन्याभरात राजाचं दुसरं गलबत आलं. "नातालीनबाय, याचं शीड…" तांडेलाचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती "हो" म्हणाली, आणि पट्ट्या मोजायला घेतल्या. बारांपैकी तिघीजणी तिच्याकडं कायमच्या शिकायला राहिल्या. कामाच्या जागेचं दार मात्र दर रविवारी बंद असे.

बोध एवढाच: देवाची माया मिळवण्यासाठी राबणारा थकून जातो, ती मिळालीच आहे हे ओळखून राबणारा स्वतः फुलतो आणि इतरांच्या कामी येतो.