शेळीचं सोनं

जनावरंही सणवार पाळत, तेव्हाची ही गोष्ट. दसऱ्याला सगळे आपट्याचं सोनं घेऊन म्हाताऱ्या कासवाच्या पाया पडायला निघाले. चिंगी शेळीनेही तोंडात डहाळी धरली. पण घरी दोन पिती करडं, आणि सकाळपासून तिच्या पोटात कावळे ओरडत होते. वाटेत एक पान गेलं, मग दुसरं. कासवाच्या ओढ्यावर पोचेपर्यंत एकच उरलं, तेही अर्धं.

"शेळीनं सोनं खाल्लं!" माकड खिदळलं.

चिंगी मान खाली घालून म्हणाली, "आजोबा, एवढंच राहिलं."

कासवाने ते अर्धं पान कपाळाला लावलं आणि समोरचा सोन्याचा ढीग तिच्याकडे सरकवला. "हे खुशाल खा, पोरी. भरल्या पोटी अख्खं सोनं कुणीही आणील. उपाशी तोंडातून राखलेलं हे मात्र माझ्यापाशी राहू दे."