अनसूयेची खीर आणि पळसाचे द्रोण

पळसाच्या रानाकाठी एक गाव होतं. तिथे अनसूया नावाची भाविक बाई राहायची. तिने सोळा सोमवारांचं व्रत धरलं होतं. दर सोमवारी ती महादेवाच्या देवळात गव्हल्यांची खीर न्यायची आणि स्वतः लावलेल्या पळसाच्या द्रोणांतून सगळ्यांना प्रसाद द्यायची.

बायका म्हणायच्या, "अनसूये, काय गं चव तुझ्या हाताला! खिरीचं दुकानच काढ की!"

ते शब्द तिच्या मनात साखरेसारखे विरघळले. अंगण सारवताना तिला दुकान दिसू लागलं. दाराला झेंडूचं तोरण, आत लखलखीत पितळी पातेली, आणि वेलचीच्या वासामागून झोपेत चालल्यासारखी येणारी माणसं.

पण दुकानासाठी चांदणी गाय विकावी लागणार होती. गवळी बघूनही गेला.

नवरा हसून म्हणाला, "गाय विकून खीर कशाची करशील? पाण्याची?"

"चेष्टा नको हं! देवळात सगळे वाट बघतात माझ्या खिरीची."

"अगं, प्रसादाला कोण नावं ठेवील? सोमवार सोडून कधी कोणी मागायला आलंय का?"

 व्रताचं उद्यापन झालं तेव्हा अनसूया पिंडीसमोर बराच वेळ हात जोडून बसली. देव काही बोलला नाही, पण तिचं मन निवळलं. घरी येऊन ती म्हणाली, "आधी तीन बाजार बसून बघते. तोवर चांदणी दावणीलाच राहू दे."

पहिल्या बाजारी ओळखीच्या बायका थांबल्या, हसल्या आणि पुढे गेल्या. गव्हले तर प्रत्येकीच्याच डब्यात होते. एका परगावच्या बाईने तेवढी खीर घेतली. दुसऱ्या बाजारीही बरीचशी खीर उरली. पण तीच बाई गर्दीतून तिला शोधत आली.

अनसूया हरखली. "खीर आवडली ना?"

"खीर बरी होती हो. पण द्रोण! घरी पोचेपर्यंत थेंबभर पाझरला नाही. लेकीचं लग्न आहे माझ्या. पंगतीपुरते द्याल लावून?"

अनसूयेला एकदम आठवलं. सोमवारी खीर संपली की बायका तिचे द्रोण धुऊन पदराखाली घरी न्यायच्या. दर सोमवारी तिने ते पाहिलं होतं, पण ध्यानात घेतलं नव्हतं.

तिसऱ्या बाजारी तिने नुसते द्रोण मांडले. दुपारच्या आत टोपली रिकामी झाली.

मनातलं पितळी दुकान धुक्यासारखं विरलं. त्या जागी पळसाचं रान हिरवंगार सळसळू लागलं. घरी येऊन तिने चांदणीच्या गळ्यावरून हात फिरवला आणि गवळ्याला निरोप धाडला, "गाय विकायची नाही." पुढच्या सोमवारी देवळात खीर गेली, ती प्रसाद म्हणूनच.

तात्पर्य: कौतुक ऐकून घरातलं मोडू नये. आधी थोडं करून पाहावं, आणि ज्यासाठी लोक आपणहून शोधत येतात, तोच धंदा धरावा.