धुळाआण्णांनी रंगवलेली छाती

“रंग लावल्यावर रोग दिसतो म्हणता ना बाईसाहेब? मग रंग लावणारा हात कसलेला पाहिजे का नको?”

एवढं विचारून धुळाआण्णा वठारे एक्स-रेच्या खोलीतल्या स्टुलावर ऐसपैस बसले. रंगीत रीळ गावात यायच्या आधी काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशानं रंग द्यायचे ते. गावातला एकुलता एक फोटो स्टुडिओ त्यांचा.

“मेलेल्याच्या गालावर लाली चढवलीय म्या. घरचे म्हणायचे, आता उठून च्या मागतील!”

मग जरा खाकरून म्हणाले, “एका नवरदेवाची लाली मिशीवर गेली, ते सोडा. मुलीकडच्यांनी फोटो परत धाडला... नवरदेवासकट.”

डॉक्टर हमीदा सनदी हसल्या नाहीत. त्यांच्यासमोर पडद्यावर सुगंधाबाईंच्या छातीचा फोटो होता. चुलीतल्या राखेसारखा, सगळा राखाडी.

सुगंधाबाई म्हणजे आण्णांची बायको. दाराजवळच्या बाकावर तोंडाला पदर लावून बसली होती.

महिना झाला, खोकत होती. ती खोकली की आण्णा म्हणायचे, “माहेरी कुणीतरी आठवण काढली बघ.” काल मात्र ती जिन्याच्या चौथ्या पायरीवरच खाली बसली, आणि आण्णांच्या तोंडून आठवणबिठवण काही निघालं नाही.

मोठा आजार तर नसेल? हा एकच प्रश्न ते सकाळपासून जिभेखाली दाबून होते. म्हणून जीभ जास्तच चालत होती.

“जवळजवळच्या दोन राखाडी छटा डोळ्याला एकच वाटतात,” डॉक्टर म्हणाल्या. “कॉम्प्युटर त्यांना वेगवेगळे रंग देतो. मग फरक कळतो.”

“हे असले रंग? जत्रेतल्या सरबताच्या बाटल्या बऱ्या की!”

डॉक्टरांनी माउस त्यांच्यापुढे सरकवला.

“मूळ फोटो आत जपून ठेवलाय. ही प्रत तुम्ही रंगवा. पट्टीवरची ही खूण सरकवली की रंग बदलतो.”

आण्णांनी बाह्या वर केल्या.

बरगड्यांना सायीचा रंग दिला. फुप्फुसाला मोरपंखी. गळ्याखालच्या डाव्या हाडामागं काहीतरी धुरकट होतं, ते डोळ्याला खुपत होतं. खूण इकडे, खूण तिकडे... आणि ते मोरपंखीत विरघळून गेलं.

“बघा! विशीतली पोरगी दिसते का न्हाई?”

डॉक्टरांनी मान पडद्याजवळ नेली.

“सुंदर. आता यातला खोकला कुठं गेला?”

आण्णा मोरपंखीत ती धुरकट जागा शोधू लागले.

बाकावरनं आवाज आला, “माझ्या लग्नाच्या फोटोतला तीळबी असाच खाल्ला ह्यांनी. आई विचारत होती, जावयाच्या शेजारी ही कोण बसलीय?”

“तू गप गं!”

घाईघाईनं त्यांनी खूण दुसऱ्या टोकाला नेली. सगळी छाती लालभडक झाली. बरगड्या लाल, काळीज लाल, खांदेसुद्धा लाल.

“आयला... सगळंच गेलं की!”

“दोन मिनिटांत तुम्ही तिला बरं केलंत,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि मारलंतही.”

“मग खरं काय?”

डॉक्टरांनी सगळे रंग काढून टाकले. पुन्हा राख. मग आण्णांचा हात माउसवरनं उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला.

“बघा.”

“काय बघू?”

“उजवी बाजू. मग डावी.”

“आणि?”

“पुन्हा उजवी.”

...

आण्णा बघत राहिले. हातात ब्रश नाही, माउस नाही, नुसतं बघायचं. असं बसायची सवयच नव्हती. उजवी. डावी. उजवी.

डाव्या हाडामागं कापसाचं बोंड अडकल्यासारखं काहीतरी होतं. उजवीकडं नव्हतं.

“हे...”

“आता रंग द्या. लागेल तेवढाच.”

आण्णांनी खूण केसभर हलवली. बोंडाची कड नारिंगी होऊन वर आली. सुपारीएवढं बोंड. बाकी छाती होती तशीच राहिली.

“बाईसाहेब...” सकाळपासूनचा प्रश्न आण्णांच्या जिभेखालून निघाला. “तो मोठा आजार?”

“कॅन्सरसारखं दिसत नाही. टीबी वाटतोय, सुरुवातीचा. आपण थुंकी तपासून खात्री करू. तोच निघाला तर सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. मग बाई ठणठणीत.”

आण्णा ताडकन उठले. टोपी काढली, तिनंच डोळे पुसले, आणि उलटी डोक्यावर घातली.

“ऐकलंस का सुगंधे? ठणठणीत!”

“ऐकलं. बसा आता, स्टूल पडलं तुमचं.”

पण आण्णांची जीभ परत जाग्यावर आली होती.

“जन्मभर लोकांचे डाग पुसले म्या. आज पहिल्यांदा एक शोधून काढला, तोबी एका दमात!” मग डॉक्टरांकडं बघून म्हणाले, “बरं, तीन दमात. पण बाईसाहेब, आता मला चेला करा. कुणाचाबी फोटो आणा. रंग लावून आतलं बाहेर दाखवतो!”

डॉक्टर थुंकीच्या तपासणीची चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ओठांच्या कडेला मात्र हसू होतं.

“महिनाभर ही बाई तुमच्या शेजारी खोकत होती, आण्णा. तेव्हा कुठला रंग लावून बघत होतात?”