गालातला तास

कोठीत धान्य होते, आणि जोवर धान्य होते तोवर ते कुठून आले हे विचारण्याची त्या राज्यात पद्धत नव्हती. उंदरांचे राज्य ते. धान्य पोत्यात जन्मते अशी तिथली ठाम समजूत होती. पोत्याला भोक पाडले की ते बाहेर येते, एवढे शास्त्र संसाराला पुरत असे. पूर्वी पोत्यांच्या थप्प्या आढ्याला टेकत. आता थप्प्यांवरून पलीकडची भिंत दिसू लागली होती. म्हातारे उंदीर म्हणत, भिंत पुढे सरकली आहे.

माळ्यावर मोठे विद्यापीठ होते. तिथे शिकणाऱ्यांना कांडून, पाखडून पांढरेशुभ्र केलेले तांदूळ मिळत. खाली जोत्याच्या दगडांत राहणाऱ्यांच्या वाट्याला तुसासकट भात येई. तो घशाला टोचे. पण भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणत ते दिवस काढत, आणि आपले एखादे पोर माळ्यावर जाऊन पांढरे खाईल या आशेवर समाधान मानत.

सावरी माळ्यावरच जन्मलेली, तिथेच शिकणारी. तिच्या आचार्यांनी पुष्कळ वाद घालून असा निष्कर्ष काढला होता की धान्य मुळात मातीतून येते. निष्कर्ष निघाल्यावर सगळे जेवायला गेले. सावरी तेवढी गेली नाही.

"मग पेरू या की!" ती भरसभेत म्हणाली.

"कोण पेरणार?" एका आचार्यांनी दात कोरत विचारले. "आमच्या हयातीला पुरेल एवढं आहे."

"ज्यांची हयात अजून लांब आहे, ते पेरतील."

अशी ती गोष्ट ठरली. माळ्यावरच्या विद्यार्थ्यांनी जोत्यातल्या धाकट्या शाळांत जायचे आणि पिलांकडून वाफे करवून घ्यायचे. कोठीच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा उंदीर म्हणजे कोठीकर. त्यांनी प्रत्येक शाळेला निवडक पांढऱ्या बियाण्याची एक पुरचुंडी दिली आणि अट घातली. ओल आहे तोवर हिरवे दिसले पाहिजे. नाहीतर शाळेतला दाणा न् दाणा परत आणि वाफा बंद. कोठीकर कठोर आहेत असे सगळे म्हणत. त्यांना झोप कमी लागे एवढे मात्र खरे, कारण भिंत सरकलेली नाही हे राज्यात फक्त त्यांना ठाऊक होते.

सावरीच्या वाट्याला कोंडाबाईंची शाळा आली. कोंडाबाईंनी जोत्यातल्या आईबापांना कुरतडायला शिकवले होते आणि आता त्यांच्या पोरांना शिकवत होत्या. त्यांचे दात केव्हाच पडले होते, पण जिभेची धार शाबूत होती. सावरीबरोबर दशन नावाचा सहाध्यायी आला होता. त्याने मातीवर असे काही भाषण केले की निम्मी पिल्ले झोपली.

शाळेमागे, भिंतीतून पाझरणाऱ्या पावसाच्या पाण्याने ओली झालेली एक पट्टी होती. तिथे पोरांनी नखांनी भराभर खड्डे केले. सावरीने प्रत्येकाच्या हातावर दाणे ठेवले आणि म्हणाली, "जा, पेरा." पोरे गेली आणि परत आली. खड्डे रिकामे होते आणि पोरांच्या मिशांना तांदळाची पिठी लागली होती.

कोंडाबाई पोट धरून हसल्या. "बाई, पेरायला मागाहून शिकवा. आधी न खायला शिकवा. ते आपल्या जातीत अजून कुणाला जमलेलं नाही."

"जमेल," सावरी म्हणाली. कसे, ते तिलाही ठाऊक नव्हते. पण ही पोर अशीच होती, आधी हो म्हणायची आणि मग मार्ग काढायची.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवा तास सुरू केला. सकाळी दारातून उन्हाची तिरीप आत आली की प्रत्येकाने एक दाणा गालात धरायचा. तिरीप सरकत सरकत समोरच्या काळ्या दगडाला लागेपर्यंत तो चावायचा नाही, गिळायचा नाही. पहिल्या दिवशी तिरीप दारातून आत येते न येते तोच वर्गभर कुडुमकुडुम सुरू झाले, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज खुद्द सावरीच्या तोंडून आला.

"बाईंनी पण खाल्ला!" पोरे आनंदाने नाचू लागली.

सावरी ओशाळली, आणि मग तीही हसत सुटली. त्या दिवसापासून पोरांना ती आपली वाटू लागली. गालातला तास हा शाळेचा सगळ्यात आवडता तास झाला. पांढरे बियाणे सरावात उडवायचे नाही म्हणून पोरे घरून तुसाचे दाणे आणत. सावरीच्या माळ्यावरच्या नाजूक हिरड्यांना तूस बोचे, म्हणून ती आपल्यापुरता वरच्या शिध्यातला एक पांढरा दाणा घेई. हळूहळू कुडुमकुडुम कमी झाले. एके सकाळी तिरीप दगडाला लागली तरी वर्ग चिडीचूप होता. कोंडाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि धूळ गेली म्हणून सांगितले.

मग पुरचुंडीत उरलेले पांढरे दाणे पेरले. एकही पोटात गेला नाही. पोरे रोज वाफ्याच्या कडेला बसून मातीकडे बघत. माती काही बोलेना. शेवटी दशनने एक खड्डा उकरला. आत आंबूस वासाचा लगदा होता. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही.

"माती हलक्या जातीची आहे," दशन अंग झटकत म्हणाला, "आणि पोरांची लाळ लागली." वर जाऊन त्याने तसेच सांगितले. लगेच निरोप आला की कोठीकर स्वतः वाफा बंद करायला येत आहेत.

सावरीला रडू कोसळले. पोरांनी सांगितलेले सगळे केले होते. जातीला जे कधी जमले नाही तेही करून दाखवले होते, आणि हाती लगदा आला होता. त्यांना आता कोणत्या तोंडाने सांगायचे?

"वाफा गेला तर गेला," कोंडाबाई म्हणाल्या. "तास कशाला बुडवायचा? बसा सगळ्यांनी."

त्या दिवशी पिटकी नावाचे पिल्लू बऱ्याच दिवसांनी शाळेत आले होते. तिची हिरडी सुजली होती, त्यामुळे घरी ती पेजेवर होती. पण तास चुकवायचा नाही म्हणून घरी राहिल्यापासून तिने एकच दाणा गालात सांभाळला होता. तिने कुरकुरत हात वर केला.

"बाई, माझ्या दाण्याला दात आलाय. टोचतो."

वर्ग खो खो हसला. पिटकीने दाणा हातावर काढून दाखवला. तुसाचा, मळकट, ओला दाणा. त्याच्या टोकाला फट पडली होती आणि तिच्यातून खरोखरच पांढरा, टोकदार दात डोकावत होता.

सावरीचे रडू जागच्या जागी थांबले. तिने आपल्या गालातला दाणा काढून बघितला. त्याचा लगदा झाला होता. पुरचुंडीच्या तळाशी अडकलेला एक कोरा पांढरा दाणा काढून तिने पिटकीच्या दाण्याशेजारी ठेवला. पांढऱ्या दाण्याच्या कोपऱ्याचा बारीक टवका उडालेला होता. पिटकीच्या दाण्याला नेमका तिथूनच दात फुटला होता. कांडताना उडालेले असे टवके माळ्यावर सकाळ-संध्याकाळ झाडून टाकत. लहानपणी ते काम सावरीकडेच असे.

"पिटके, हा दात नाही गं," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आले. "बरं, दातच म्हणू. हा माती खातो."

तिने पोरांना घरोघर पिटाळले. कुणी जेवणातला दाणा काढून दिला, कुणी फटीतला. घटकाभरात शाळेत तुसाच्या भाताचा ढीग जमला. तो वाफ्यापर्यंत न्यायचा, एवढेच राहिले होते. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

कोठीकर येत होते. शाळेत एकही दाणा ठेवायचा नाही, असा त्यांचाच हुकूम होता. सावरीने कोंडाबाईंकडे पाहिले. कोंडाबाईंनी दाराकडे पाहिले. तिरीप अजून काळ्या दगडाला लागायची होती.

"पोरांनो," त्या म्हणाल्या, "तास सुरू."

कोठीकर आत आले तेव्हा ढिगाच्या जागी स्वच्छ जमीन होती. बरोबरच्या शिपायांनी कोपरे धुंडाळले, दगड हलवले. काही सापडले नाही.

"बियाणं कुठाय?" कोठीकरांनी विचारले. कोणी बोलेना. त्यांनी सावरीकडे काठी रोखली. "तू वरची ना? तुला तरी उत्तर देता येतं का?"

सावरीने मान खाली घातली. तिचे दोन्ही गाल तट्ट भरले होते आणि हिरड्यांत तूस रुतत होते.

"साहेब, तास चाललाय," कोंडाबाई म्हणाल्या. "तासाला आम्ही बोलत नाही."

कोठीकरांनी ओळीवरून नजर फिरवली. एकूण एक गाल फुगलेला. ते काय समजायचे ते समजले. त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि मूठभर पांढरेशुभ्र तांदूळ पोरांसमोर उधळले. जोत्यातल्या पिल्लांनी असे तांदूळ पोटभर कधी खाल्ले नव्हते.

"खा, बाळांनो. लाजू नका."

पिटकीच्या मिशा थरथरल्या. तिच्या शेजारच्याने डोळे गच्च मिटून घेतले. जबडा मात्र एकाचाही हलला नाही. कोठीकर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर दाण्यांवर पहारा केला होता, आणि दाण्यासमोर थांबणारा उंदीर त्यांना आजवर दिसला नव्हता. तिरीप सरकत सरकत काळ्या दगडाला लागली. ते वळले आणि वाफा बंद करण्याबद्दल एक शब्दही न बोलता निघून गेले.

जिन्यावरची काठी ऐकू येईनाशी झाली तशी पोरे वाफ्याकडे धावली. प्रत्येकाने खड्ड्यावर वाकून तोंड उघडले. सगळ्यांत शेवटी सावरी वाकली. पेरणी झाल्यावर मात्र पोरांनी ते उधळलेले तांदूळ चाटूनपुसून खाल्ले. शेवटी उंदीरच ते.

पुढे कोंडाबाईंची पट्टी हिरवी झाली, मग पिवळी झाली. लोंब्या इतक्या जड झाल्या की वाकून शाळेच्या मागच्या दारात आल्या. शेजारच्या शाळा बियाणे मागायला आल्या, आणि सावरीने त्यांना बियाण्याआधी तास दिला. एव्हाना कोठीतली पलीकडची भिंत पायथ्यापर्यंत दिसू लागली होती.

कोठीकर पुन्हा आले ते एकटेच. लोंब्यांखाली ते बराच वेळ उभे राहिले. पिटकीने वर चढून एक दाणा तोडला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"खायचा नाही हं, आजोबा. गालात धरा."

त्यांनी दाणा गालात ठेवला आणि जिना चढू लागले. वाटेत कुणी रामराम केला. ते नुसते मान हलवून पुढे गेले. दशनने उत्पन्न किती आले ते विचारले. त्यालाही उत्तर मिळाले नाही. माळ्यावर सभा भरली होती. सारे आचार्य त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि कोठीकर तोंड घट्ट मिटून, झरोक्यातली तिरीप समोरच्या तुळईला लागायची वाट बघत उभे होते.