न धुतलेलं गाडगं

"दिवसातून किती वेळा धुतेस?"

"चार वेळा. साबणानं. वर औषधाचं पाणी, थेट आतपर्यंत." कालिंदी ताठ मानेनं म्हणाली.

विचारणारी अंबूआक्का टेकडीवरच्या मठाचा सैपाक बघायची. त्याआधीची चाळीस वर्षं तिची सुईणपणात गेलेली. कालिंदी तिच्याकडे चार गोष्टी शिकायला आली होती. तिचं सोवळं इतकं कडक, की तिच्या पदराला धक्का लागू नये म्हणून मठातल्या बाया जपत.

"आणि वास?"

कालिंदी पदर सारखा करू लागली.

"बोल की."

"वाढतोच आहे. मासळीसारखा. अंगावरून पांढुरकं, पातळ पाणी जातं. आक्का, मी जन्मात मासळीला शिवले नाही!"

"मासळीनं तुझं काय घोडं मारलंय? डॉक्टरीणबाई काय म्हणाली?"

"आतून धुवू नका म्हणाली. मला! सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत वास गेला, मी गोळ्या सोडल्या."

"धुणं?"

"ते कसं सोडू? घाण काय तशीच ठेवायची?"

आक्का दूध कोमट करत राहिली.

"परवा हे न्यायला येतायत," कालिंदीचा आवाज उतरला. "गेल्या खेपेला तोंड फिरवून निजले. म्हणाले, कुणाकडे जातेस तू? आता टाकतील मला. आक्का, कुठलं पाप हे?"

"पाप नाही, आजार आहे. कुणाकडे न जाणाऱ्या बाईलाही होतो."

आक्कानं दोन गाडगी पुढं ओढली. सकाळीच रिकामी झालेली, कडेला दही चिकटलेलं.

"यातलं एक घे. दूध विरजायचंय."

"या खरकट्यात?"

कालिंदीनं आपलं गाडगं उचललं. राखेनं घासलं, साबणानं घासलं, कढत पाण्यानं विसळलं. मग वास घेऊन बघितला. कसलाच नव्हता.

आक्कानं दुसऱ्याला पाणीही लावलं नाही. दोन्हींत दूध ओतलं, झाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काच्या गाडग्यात दही लागलं होतं, सुरीनं कापावं असं. कालिंदीच्या गाडग्याचं झाकण काढलं, तर दूध नासलेलं; तिनंच पदर नाकाला लावला.

"तुम्ही माझ्यात विरजण घातलंच नाहीत!"

"तुझ्यात होतं की. तू धुतलंस."

कालिंदी खाली बसली.

"म्हणजे... आत दही लावू?"

"खुळे! अंगातही असंच विरजण असतं, ते धुवायचं नाही. दही भाकरीबरोबर खायचं. तिथं काही म्हणजे काही घालायचं नाही. ऊठ, डॉक्टरीणबाईकडे जा. दोन दिवसांत गोळ्या सोडल्या, असं खरं सांग. ती देईल त्या शेवटपर्यंत घे. बाहेरून साधं पाणी, बस. पुन्हा उपटलं तर पुन्हा तिच्याकडेच जा, माझ्याकडे नको."

बोलता बोलता आक्कानं आपलं गाडगं रिकामं केलं, न धुताच नवं दूध ओतलं, कोपऱ्यात ठेवलं.

"आणि उद्या हे आल्यावर? काय सांगू त्यांना?"

कालिंदीला धीर निघेना. तिनं कोपऱ्यातलं गाडगं हलवून बघायला हात घातला.

आक्कानं तिचं मनगट धरलं.

"हेच सांग त्याला. हात काढ म्हणावं, गोळ्या संपेपर्यंत. हलवलं नाही तर लागेल."